आजीचा झोपाळा : वाड्यातून फ्लॅटपर्यंत, कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

बडोद्याच्या दांडिया बाजारातला वाडा २८ फेब्रुवारीला रिकामा करून द्यायचा आहे. कागद झाले, वाटण्या झाल्या, कपाटं-भांडी ज्याची त्याने नेली. झोपाळा मात्र कुणी मागितला नाही. हवा सगळ्यांना होता, टांगायला जागा कुणाकडे नव्हती. काकांच्या सुरतेच्या फ्लॅटला फॉल्स सीलिंग, आत्या पुण्यात दोन खोल्यांत. वाडा घेणाऱ्यांचा माणूस कड्यांचं पितळ किलोवर न्यायला तयार होता. ते ऐकल्यापासून बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, मांजलपूरला आपल्या हॉलमध्ये लावू.

मी मकरपुऱ्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिथली खोड म्हणून ही वही: तारीख, माप, खर्च, उरलेलं काम. मुदत ३० एप्रिल, अक्षय्य तृतीया. तोवर चैत्रगौर बसलेली असते, आणि आमच्याकडचं हळदीकुंकू याच झोपाळ्याभोवती व्हायचं. आजीला मार्चमध्ये वर्ष होईल.

आजची मापं. फळी सागाची, अखंड, ६ फूट २ इंच लांब, २ फूट १ इंच रुंद. जाडी व्हर्नियरने घेतली: डाव्या टोकाला ३८ मिमी, मध्ये ३७.५, उजव्या टोकाला पुढच्या कडेशी ३३.५. तिथेच तीन वेळा मोजलं, कारण आधी मलाच पटेना. उजवं टोक स्वयंपाकघराच्या दाराकडचं, आजीचं. ती झोपाळ्याच्या मधोमध कधीच बसली नाही. एक पाय वर, एक जमिनीवर, अंगठ्याने हलका रेटा. त्या अंगठ्याखालची शहाबादी फरशीही बशीसारखी खोलगट झाली आहे. ती खोली मोजली नाही. फरशी काही आपल्याबरोबर येणार नाही.

कड्यांची लांबी शिडीअभावी राहिली.

१५ जानेवारी, वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस)

वाड्याच्या गच्चीवर शेवटची पतंगबाजी. आत्या पुण्याहून, काका सुरतेहून. खाली उंधियू, वर तिळगूळ. बडोद्याच्या मराठी घरांत संक्रांत ही अशीच दोन तोंडांनी जेवते.

काकांनी नेहमीप्रमाणे नातवंडांना सांगितलं, हा झोपाळा शंभर वर्षांचा, सयाजीरावांच्या काळातला. बाबांनी मान डोलावली. आत्या म्हणाली, ‘तुम्ही दोघं पाळण्यात होतात, तुम्हाला काय आठवतंय?’ ती सगळ्यांत मोठी.

सयाजीरावांचं नाव निघालं की आजीची एक गोष्ट ठरलेली असायची. तिचा जन्म १९३४चा. महाराज ६ फेब्रुवारी १९३९ला गेले तेव्हा ती पाच वर्षांचीही नव्हती. वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं, तिथून फक्त पागोटी आणि टोप्या दिसत होत्या, आणि एवढी माणसं असूनही आवाज नव्हता, एवढंच तिला आठवायचं. पुढे ती म्हणायची, ‘माझं लग्न झालं तेव्हा मुंबई राज्य होतं, तुझा काका झाला तेव्हा गुजरात. मी मात्र या गल्लीतून त्या गल्लीत आले, तेवढीच.’ खरंच आहे. संस्थान १ मे १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६०ला गुजरात झाला. तिच्या माहेरपासून सासरपर्यंत चालत सात मिनिटं.

तिच्या आईला मात्र शाळेत घालावंच लागलं होतं. बडोदा संस्थानात १९०६पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, पोरीला घरी ठेवलं तर बापाला दंड. आजी सांगायची, ‘माझी आई दंडाच्या भीतीने शिकली आणि मग तिने मला हौसेने शिकवलं.’ आजी स्वतः चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकली. आमचे सगळ्यांचे शाळेचे गणवेश त्याच शिक्षणातून निघाले, आणि उरलेल्या तुकड्यांची झोपाळ्यावरची गादी.

संध्याकाळी कंदील चढवले. कामाचं काहीच झालं नाही.

१९ जानेवारी

कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. ६० मिनिटांची, वर काकांच्या अक्षरात ‘आई, १९८६’. काका तेव्हा मस्कतला होते. फोन महाग, म्हणून घरचे कॅसेटवर बोलून कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचे. ही कॅसेट त्यांच्याच सामानातून परत आलेली.

टेप चांगली होती, पण आतला फेल्टचा चौकोनी तुकडा, जो टेपला हेडवर दाबून धरतो, तो गोंद सुटून पडला होता. त्याशिवाय आवाज गुहेतून आल्यासारखा येतो. एक कोरी, स्क्रूवाली कॅसेट उघडली आणि दोन्ही रिळं तिच्यात बसवली. चिमटा, पांढरा कागद, श्वास रोखून चाळीस मिनिटं. मग शेजाऱ्यांच्या जुन्या डेकवरून लॅपटॉपमध्ये. पहिली बाजू ३१ मिनिटं, दुसरी कोरी.

आजी बोलते आहे. शब्दांच्या मागे सतत कर्र, कर्र. ती झोपाळ्यावर बसूनच बोलली होती.

२३ जानेवारी, रात्री

आज ३१ मिनिटं सलग ऐकली, कागद घेऊन. विषय क्रमाने असे: ताईला दिवस गेले आहेत आणि तिला आंबट सोसत नाही. बाबांचं प्रमोशन अडलं आहे, पण तू पत्रात काढू नको. यंदा कैऱ्या लवकर आल्या. समोरच्या बांचा (गुजराती शेजारणीचा) गुडघा. तुझ्या मित्राची आई वारली, त्याला चार ओळी लिही. तिकडे ताक मिळतं का? डब्यातला लीलो, म्हणजे ओला चिवडा आधी संपव, तो टिकत नाही. मला तेव्हा नुकतं चालता येऊ लागलं होतं, त्यावर पूर्ण चार मिनिटं. एवढं माझ्याबद्दल मी स्वतःही कधी बोललेलो नाही.

शेवटी: ‘माझं काय, मी बरी आहे.’ आणि खटका.

आत्याला फोन केला, तारीख जुळवायला. ती म्हणाली, ‘एप्रिल शह्याऐंशी? आईचं गर्भाशय काढलं होतं रे तेव्हा, मार्चमध्ये. मी चौथ्या महिन्यात, तरी महिनाभर येऊन राहिले होते. तुझ्या काकाला कळवायचं नाही म्हणून तिने बजावलं होतं.’

काकांना हे आजवर माहीत नाही. कळवायचं का, ते ठरवलं नाही.

२५ जानेवारी

झोप येईना म्हणून वेगळंच काम काढलं. ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लाट ताणून कर्र-कर्रमधलं अंतर मोजलं. झोपाळा पुढे गेला की एक, मागे आला की एक. सलग ४० कर्र घेतले, म्हणजे २० हेलकावे. सरासरी एक हेलकावा ३.३२ सेकंदांचा.

हेलकाव्याचा वेळ फक्त कड्यांच्या लांबीवर ठरतो. वर किती माणसं बसली आहेत त्याच्याशी त्याचा संबंध नाही. आजी एकटी असो की तिच्या अंगावर पाच पोरं लोळत असोत, वेळ तोच. वेळाचा वर्ग, गुणिले ९.८१, भागिले ३९.४८. उत्तर आलं २.७४ मीटर.

२६ जानेवारी, रविवार

शिडी घेऊन वाड्यात. आकड्याच्या आतल्या कडेपासून फळीपर्यंत टेपने २.७५ मीटर.

शिडीवरच बसून राहिलो थोडा वेळ. बाबा खालून विचारत होते काय झालं, आणि मला सांगता येईना. कोणी म्हणेल यात काय, भौतिकशास्त्र आहे. आहेच. पण एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी ती इथे बसली होती, ते आज टेपने मोजून कळलं.

२ फेब्रुवारी, रविवार

उतरवणी. सुथारकाका, त्यांचा मुलगा, मी आणि बाबा. (बाबांना शिडीवर चढू दिलं नाही, त्यामुळे ते सूचना देत होते.)

वर दोन तुळया आणि सहा आकडे. चार झोपाळ्याचे. उरलेले दोन बाजूला, बारीक, ते पाळण्याचे. इथे आजीची एक युक्ती नोंदवायला हवी. पाळण्याची दोरी ती झोपाळ्याच्या कडीला बांधायची. ती झोपाळ्यावर तांदूळ निवडत बसली की पाळणा आपोआप हलायचा. बाबा, काका, पुढे मी आणि माझे चुलत-आते भाऊबहीण मिळून सात पोरं या यंत्रावर झोपली. दोरीच्या घर्षणाने कडीवर एक गुळगुळीत खाच पडली आहे, उजवीकडची मागची कडी.

आकडे तुळईतून आरपार, वर चौकोनी लोखंडी पट्टी आणि नट. नट गंजून एकजीव झालेले. रॉकेल घालून तासभर वाट पाहिली, तरी दोन कापावे लागले.

वजन: फळी २९ किलो, चारही कड्या मिळून १३ किलो ४०० ग्रॅम. प्रत्येक कडीचे तीन तुकडे, सांध्यांवर पितळी पोपट आणि हत्ती. एका हत्तीची सोंड नाही. ती सोंड मी तोडली असं घरात मानतात. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, पुरावा काही नाही.

फळी उलटी केली. खालच्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीत ‘सं. २०१४’. विक्रम संवत, म्हणजे १९५७-५८. काकांची शंभर वर्षं गेली. आत्या एक-दीड वर्षाची होती तेव्हाचा झोपाळा.

आणि टिकल्या. फळीच्या पोटाला, उजव्या कडेच्या आतल्या अंगाला, पाचपन्नास टिकल्या चिकटलेल्या. घरातल्या मुली दुपारी झोपाळ्यावर आडव्या झाल्या की टिकली काढून खाली लावायच्या, हे सगळ्यांना माहीत आहे. लाल, मरून, एक हिरवी चांदणीवाली, ती नक्की माझ्या बहिणीची. मोजल्या: ४७. पण अगदी टोकाला, आजीच्या हाताखाली येईल अशा जागी, बारीक काळ्या टिकल्यांची वेगळी ओळ आहे. अकरा. सरळ, जवळजवळ फूटपट्टीने लावल्यासारखी. पोरींना एवढी शिस्त नव्हती.

सुथारकाका रंधा काढत म्हणाले, ‘भाई, आ बधुं घसी नाखुं?’ हे सगळं घासून टाकू का, असं. मी थांबा म्हटलं. फळीवरून हात फिरवून ते एवढंच बोलले, ‘आवो साग हवे मळतो नथी.’ असा साग आता मिळत नाही.

टेम्पो ६०० रुपये. चहा-भजी १८०.

३ फेब्रुवारी

टिकल्यांचा फोटो आत्याला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

९ फेब्रुवारी

आत्याचा फोन, रात्री दहाला.

‘त्या काळ्या आईच्या. बाबा गेल्यावरच्या.’

आजोबा १९९८ला गेले. त्यानंतर आजीच्या कपाळावर मी कधी काही पाहिलं नाही. आत्या म्हणाली, ‘दुपारी घरात कुणी नसलं की लावायची. मी एकदा न कळवता पुण्याहून आले, मागच्या दाराने. आरशापुढे नव्हती, झोपाळ्यावर बसली होती, टिकली लावून, पेपर वाचत. मला बघून एकदम हात खाली नेला. मी काही पाहिलंच नाही असं केलं. तिनेही केलं. चहा टाकला.’

मी विचारलं, मग कधी बोललात का यावर?

‘आमच्यात बोलायचं ते सगळं जेवायला काय करायचं यावरच व्हायचं रे.’

पॉलिशच्या यादीत लिहिलं: खालच्या बाजूला हात लावायचा नाही.

१६ फेब्रुवारी

हॉलचं काम ठरलं. छत ९ फूट. स्लॅबमध्ये आकडे ठोकून टांगणारे पुष्कळ आहेत, पण कारखान्यातल्या स्ट्रक्चरवाल्या मित्राने पाहताक्षणी नाही म्हटलं. पाच इंची स्लॅब, आणि भार स्थिर नाही, हलता. चार मोठी माणसं २८० किलो, फळी आणि आखूड होणाऱ्या कड्या मिळून ४० च्या आत, म्हणजे ३२०. तीस अंशांपर्यंत झोका गेला तर तळाशी ओढ सुमारे १.२७ पट, म्हणजे चारशेच्या वर. शिवाय पोरं उड्या मारणार.

तोडगा: हॉलच्या दोन्ही बाजूंना बीम आहेत. त्यांच्या मधे १०० मिमीचे दोन लोखंडी चॅनेल आडवे, टोकांना प्लेट, प्रत्येक प्लेटला १२ मिमीचे चार अँकर, बीमच्या कुशीत. वाड्यातल्या दोन तुळयांची जागा या दोन चॅनेलनी घ्यायची. अंतरही तेवढंच, त्यामुळे चार आकडे पूर्वीसारखे सरळ रेषेत.

अडचण उंचीची. फळी जमिनीपासून दीड फूट धरली तर वर कड्यांना जागा उरते १.९५ मीटर. आहेत २.७५. म्हणजे प्रत्येक कडीचा मधला एक तुकडा, ८० सेंमीचा, काढावा लागणार. चार तुकडे उरतील. भावंडं तीन.

नवा हेलकावा २.८ सेकंदांचा होईल. हे बाबांना सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी

चौथ्या तुकड्यावरून काका आणि बाबा फोनवर तासभर. काकांचं म्हणणं, मोठी म्हणून ताईला दोन. बाबांचं म्हणणं, झोपाळाच इथे आहे तर तुकडा इथेच राहू दे. आवाज चढले. मला १९८७ आठवलं. म्हणजे आठवत नाही, ऐकलेलं. वाड्याच्या मागच्या खोल्या कुणाच्या, यावरून दोघांत बोलणं बंद होतं. आजीने दोघांना झोपाळ्यावर बसवलं, मधे चिवड्याचं ताट ठेवलं आणि स्वतः समोर पाटावर बसून कैऱ्या किसत राहिली. झोपाळ्यावर दोघं असले की एकाने पाय टेकवून चालत नाही. संध्याकाळी खोल्यांचा प्रश्न तसाच होता, ताट रिकामं होतं आणि दोघं क्रिकेटवर बोलत होते.

घरात झोपाळ्याला ‘न्यायमंदिर’ म्हणत. सूरसागर तलावासमोरच्या खऱ्या न्यायमंदिरातल्या कोर्टापेक्षा इथे तारखा कमी पडायच्या.

आत्याला हे कौतुक सोसत नाही. आज ती स्पष्ट बोलली, तेही नोंदवतो. १९७८ला तिने फाइन आर्ट्स पुरं केलं, मुंबईत नोकरी लागत होती. आजीने हो-नाही काही म्हटलं नाही. तीन दिवस झोपाळ्यावर बसून राहिली, जेवण वाढलं, बोलली नाही. चौथ्या दिवशी आत्याने पत्र फाडलं. ‘तुमचं न्यायमंदिर. माझा निकाल तिथेच लागला.’ पुढे माझ्या बहिणीला दिल्लीला शिकायला जायचं होतं तेव्हा वसतिगृहाचे पैसे आजीने शिवणाच्या डब्यातून काढून दिले, बाबांनी नको म्हटलं तरी. आत्याला हेही माहीत आहे. ‘उशिरा आलेली बुद्धी चांगलीच असते,’ ती म्हणाली, ‘पण माझ्या कामाची नव्हती.’

चौथा तुकडा समोरच्या बांना द्यायचा, असं आत्यानेच सुचवलं. पन्नासएक वर्षं दुपारी चार वाजता त्या झोपाळ्याच्या डाव्या टोकाला बसत होत्या. एक गुजरातीत बोलायची, एक मराठीत, दोघींना फावायचं. यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

२८ फेब्रुवारी

वाड्याची किल्ली दिली. बाबा आत गेले नाहीत, बाहेर स्कूटरवर बसून राहिले.

१६ मार्च

पॉलिशचा घोळ. ज्याला काम दिलं त्याने विचारल्याशिवाय वरच्या बाजूला मेलामाइनचा चकचकीत थर चढवला. आरसा झाला. माझी आठ वर्षांची मुलगी बसली ती सरळ घसरून खाली. त्याच्याशी वाद घातला, अर्धे पैसे दिले, फळी परत आणली. सुथारकाकांनी तीन दिवस घासून तो थर काढला, खालची बाजू जुन्या चादरीत गुंडाळून. आता फक्त अळशीचं तेल, पातळ हात, मधे दोन दोन दिवस. रंग पुन्हा सुपारीसारखा दिसू लागला आहे. उजव्या कडेची झीज भरून काढू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं.

खर्च वाढला: २,४००.

२३ मार्च

आजीचं वर्षश्राद्ध तिथीने झालं. गुरुजी, पिंड, पंगत. या वहीत त्याचं काही नाही. फक्त एवढं, की अळूच्या भाजीला तिची चव कुणालाच साधली नाही आणि तिघी सुनालेकींनी आपापली कारणं सांगितली.

३० मार्च, पाडवा

गुढी. दुपारी श्रीखंड खाऊन सगळे आडवे झाल्यावर कड्या घासल्या. आई म्हणाली पितांबरी आण. आत्या फोनवर म्हणाली, आई चिंच आणि चुलीची राख वापरायची. चूल नाही. चिंच आणि मीठ वापरलं. चार तास, बोटांची सालं निघाली. पोपटांचे डोळे निघाले, आजवर ते आंधळेच आहेत असं वाटायचं. दोरीची खाच असलेला तुकडा वरचा निघाला, मधला नाही, म्हणजे तो झोपाळ्यातच राहतो. मी आधी हे तपासलंच नव्हतं. मधला असता तर चौघांत त्यावरून पुन्हा खटला.

उद्या तृतीया, गौर बसेल. छोट्या पितळी झोपाळ्यात, देवघरापुढे.

६ एप्रिल

चॅनेल बसले. सोसायटीतून कुणीतरी विचारायला आलं, एवढा आवाज कसला. आईने आंब्याची डाळ देऊन पाठवलं.

१३ एप्रिल

भार-चाचणी. शेजारच्या बांधकामावरून सिमेंटची १२ पोती उसनी आणली, ६०० किलो. फळीवर प्लास्टिक घालून पोती रचली, रात्रभर ठेवली. मुलगी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, ‘आमच्याकडे सिमेंट हिंचके खातंय.’ पुण्याच्या भावंडांनी आम्हाला यावरून जन्मभर चिडवलं. झोके घेतात, हिंचके खातात काय? आजी म्हणायची, ‘इथे खातात. तुमच्याकडे पोट भरत नसेल.’

सकाळी चॅनेल मध्यावर १ मिमीहून कमी लवलेला, अँकर हलले नाहीत. मित्र म्हणाला, हत्ती बसवलास तरी चालेल. मी म्हटलं, आठ बसवलेत.

२० एप्रिल

झोपाळा लागला. बाहेर बेचाळीस डिग्री असावेत. पहिले बाबा बसले, नकळत मधोमध. मग उठून डावीकडे सरकले. चार-पाच हेलकाव्यांनंतर म्हणाले, ‘घाईत आहे जरा.’

मग मी सांगितलं. ३.३ चे २.८. बाबा पोस्टात होते, त्यांना सूत्रात रस नाही. म्हणाले, ‘मग पाय जरा जपून लावायचा, दुसरं काय.’

नवे बेअरिंग नाहीत, आकडे तेच, त्यामुळे कर्र आवाज आहे. मला तो ठेवायचा होता, कॅसेटमधला. आत्याला व्हिडिओ पाठवला तर उलट टपाली: ‘तेल घाल. आईला तो आवाज सहन व्हायचा नाही. दर शनिवारी मारुतीला वाहून उरलेलं तेल ती आकड्यांना लावायची. कॅसेटच्या महिन्यात तिला स्टुलावर चढायची बंदी होती, म्हणून वाजत होता.’

तेल घातलं. आवाज गेला.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

सकाळी खंडेराव मार्केटमधून मोगरा, सोळा गजरे. डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. आत्या काल रात्रीच्या गाडीने आली. काका येऊ शकले नाहीत. मस्कतच्या कॅसेटची कॉपी मी त्यांना पाठवली आहे, मार्चच्या ऑपरेशनचं सांगून. त्यांनी परत फोन केला नाही, पण काकूंचा निरोप आला की रोज रात्री ऐकतात.

पाच वाजल्यापासून बायका येत होत्या. मी पॅसेजमध्ये, चपलांच्या ढिगाशेजारी, कारण मला फक्त चॅनेलवर लक्ष ठेवायचं होतं. एका वेळी जास्तीत जास्त पाचजणी आणि एक तान्हं. चॅनेल गप्प. समोरच्या बांना त्यांचा नातू उचलून घेऊन आला. त्या थेट डाव्या टोकाला बसल्या आणि उजवीकडे बघून म्हणाल्या, ‘जगा राखजो.’ ती जागा तासभर कुणी घेतली नाही.

आजोबा गेल्यावर आजी या दिवशी स्वयंपाकघरात असायची. डाळ तिची, पन्हं तिचं, गौरीपुढची आरास तिची, आणि कुंकू लावायला ती बाहेर यायची नाही. कुणी बोलावलंही नाही. मीही त्या घरात होतो, पन्ह्याचे पेले नेत होतो.

आत्या आज तशीच आत डाळ कालवत बसली होती. तिचे यजमान २०२१ला गेले. आईने करंडा घेतला, आत गेली, काही न विचारता तिला हळदीकुंकू लावलं. आत्याचा आवाज बाहेर ऐकू आला: ‘लावायचंच आहे तर नीट लाव ना, भुवईवर सांडलंस.’ मग हात धुऊन ती बाहेर आली आणि बांच्या शेजारी, उजव्या टोकाला बसली. तिने पाय टेकवून रेटा दिला, तो जास्त झाला, बांच्या पेल्यातलं पन्हं सांडलं. दोघी हसत होत्या.

गौरीची पाठवणी झाली. रात्री हॉलमधला दिवा मालवायला गेलो तर आत्या फरशीवर उताणी झोपून, मोबाइलचा उजेड धरून फळीचं पोट बघत होती.

‘अकराच आहेत का रे? मला जास्त वाटल्या होत्या.’

मोजून दाखवल्या. अकरा. मग तिने कपाळावरचं कुंकू हाताच्या पाठीने पुसलं, म्हणाली, ‘हे काही चिकटायचं नाही,’ आणि उठायला माझा हात मागितला.

उरलेलं काम: पायाखालच्या टाइलवर ओरखडे पडू लागलेत, तिथे शहाबादीचा एक तुकडा बसवायचा. एकूण खर्च ३१,८५०, सिमेंटची पोती परत करतानाचा टेम्पो धरून. शनिवारी तेल.